लिस्बनचा एक दिवस: चढ ट्रामने, उतार पायी

पायपीट:

युरोपच्या जुन्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं, परतीच्या विमानाआधी लिस्बनला एकच दिवस हाताशी आहे, काय करावं? उत्तर टंकायला घेतलं ते आवरेना, म्हणून हा वेगळा धागा.

लिस्बन टेकड्यांवर पसरलंय. नकाशात बोटभर अंतरावर दिसणाऱ्या दोन जागांच्या मध्ये जिनेच जिने निघतात. 'पंधरा मिनिटं चालत' असं फोन सांगतो तेव्हा त्याला दम लागत नसतो. म्हणून या शहरापुरता माझा एकच नियम: चढ वाहनाने, उतार पायी. यादीतली दोन ठिकाणं सुटली तरी चालतील. दुपारी पोटऱ्या भरून आल्या की मात्र उरलेला दिवस खोलीत पडून काढावा लागतो.

सकाळी मार्टिम मोनिझ चौकातून २८ नंबरची ट्राम पकडायची. आठच्या आत पोचलात तर खिडकी मिळते, दहानंतर त्याच थांब्यावर लांबलचक रांग असते. पिवळे छोटे डबे १९३०च्या दशकातले आहेत, १९९०च्या दशकात आतली मोटर आणि ब्रेक बदलून पुन्हा रस्त्यावर आणलेले. वर जाताना गल्ल्या इतक्या अरुंद होतात की समोरून येणारा माणूस दाराच्या चौकटीत अंग चोरून उभा राहतो. ट्राममध्ये चढून सुटं तिकीट घेतलं तर महाग पडतं. मेट्रो स्टेशनवर चोवीस तासांचा पास मिळतो, साधारण सात युरोला. त्यात मेट्रो, बस, ट्राम सगळं आलं.

ग्रासाला उतरायचं. तिथून थोडंसं चढून सेन्योरा दु मोंत नावाचा सज्जा आहे. किल्ला, लाल कौलं, खाली तेजू नदी, पलीकडे लाल लोखंडी पूल, सगळं शहर एका नजरेत येतं आणि तिकीट नाही. मग कोपऱ्यावरच्या कुठल्याही पास्तेलारियात काउंटरशी उभं राहून न्याहारी. छोटी कडक कॉफी हवी तर 'बिका' म्हणायचं, दुधाची हवी तर 'गलाव', ती उंच पेल्यात येते. सोबत पास्तेल द नाता, म्हणजे पापुद्र्याच्या वाटीत अंड्याचं कस्टर्ड भरून भाजलेली मिठाई, थोडक्यात 'नाता'. बाहेर छत्रीखाली बसलं की त्याच कॉफीचे पैसे वाढतात.

इथून पुढे सगळा उतार. मंगळवार किंवा शनिवार असेल तर सांव विसेंत चर्चच्या मागे फेइरा दा लाद्रा हा जुना बाजार भरतो. फुटक्या टाइल्स, तबकड्या, सैन्यातली बिल्लेबटणं, कुणाच्या तरी आजीचे चमचे. मग पोर्ताश दु सोलचा सज्जा, आणि तिथून अल्फामा या जुन्या वस्तीत घुसायचं. इथे नकाशा बंद करा. वाट खाली जात असेल तर ती बरोबर आहे, नदीपाशी निघतेच.

अल्फामातून सेच्या, म्हणजे मुख्य कॅथेड्रलच्या, बाजूला या. कॅथेड्रलमध्ये सगळेच जातात. त्याच्या शेजारच्या इमारतीवरून बहुतेक लोक न बघता पुढे जातात. ते अल्जूब. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत राजकीय कैद्यांना इथे डांबत, १९६५ पर्यंत. २०१५च्या २५ एप्रिलला तिथे संग्रहालय उघडलं. हात पसरता येणार नाहीत अशा एकांतकोठड्या, गुप्त छापखान्यांची यंत्रं, कैद्यांचे फोटो, वसाहतींतल्या लढ्यांवरचा भाग. तास-दीड तास ठेवा. माझ्या मते दिवसभरात आत शिरून बघावी अशी ही एकच जागा, बाकीचं शहर बाहेरूनच बघायचं आहे.

दुपारचं जेवण खालच्या सपाट बाइशा वस्तीत किंवा शेजारच्या मोरारियात. मग बाइशा-शियादू मेट्रो स्टेशनात शिरायचं आणि गाडीत न बसता नुसत्या सरकत्या जिन्यांनी वर शियादूत निघायचं. हा फुकटातला चढ. वर बर्त्रांद हे १७३२ पासूनचं पुस्तकांचं दुकान, कवी पेसोआचा ब्राँझचा पुतळा बाहेर बसलेलं ब्राझिलेइरा कॅफे, आणि कार्मूचा छप्पर उडालेला मठ. १७५५च्या भूकंपात छप्पर कोसळलं, पुन्हा पुरतं घातलंच नाही. दगडी कमानी आहेत, वर थेट आभाळ.

संध्याकाळी काइश दु सोद्रेवरून काशिल्याशची बोट. दहाएक मिनिटांत पलीकडच्या काठावर. मावळतीचं लिस्बन तिथून बघायचं, मासे खायचे, परत यायचं.

बेलेम, म्हणजे शहराचा पश्चिमेकडचा नदीकाठचा भाग, मी मुद्दाम घेतलेला नाही. एका दिवसात ते कोंबलं की अर्धा दिवस ट्राममध्ये आणि रांगेत जातो. शिव्या द्यायच्या असतील तर खाली जागा आहे.

चिंगळी:

मस्त! पण ताई, शीर्षकात उतार आणि चढ, जेवणाला एक ओळ? मासे खाणारी माणसं आहोत आम्ही. सविस्तर येऊ द्या.

तिरपागडा:

शिव्या द्यायला मीच पहिला. बेलेम सोडून लिस्बन? वास्को द गामाचं थडगं, जेरोनिमोसचा मठ, टॉवर, दर्यावर्दींचं स्मारक हे सगळं तिकडे, आणि तुम्ही लोकांना जुने चमचे बघायला पाठवताय. शिवाय १८३७ पासूनचं पास्तेइश द बेलेम. नाता खायचा तर तिथेच, बाकी सगळ्या नकला.

पायपीट:

@चिंगळी, घ्या.

दुपारी 'ताश्का' शोधायची. छोटी खाणावळ, टेबलावर कागद अंथरलेला, दाराशी हाताने लिहिलेला 'प्रातु दु दिया' म्हणजे आजचं ताट. फोटोवाला मेनू आणि दारात उभं राहून हाका मारणारा माणूस दिसला की पुढे चला. मेनूत 'दोज़' आणि 'मेया दोज़' असे दोन भाव असतात. मेया दोज़ म्हणजे अर्धी थाळी, एका माणसाला ती पुरते. पूर्ण दोज़ दोघांत.

बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज, कधी माशाची पेस्ट पुढ्यात येते. ते फुकट नाही. हात लावला नाही तर पैसे लागत नाहीत, 'नको' म्हटलं तर मुकाट्याने उचलून नेतात, कुणी वाईट वाटून घेत नाही. पण पाव चांगला असतो, मी ठेवून घेते.

मासे: भाजलेली दोराद किंवा रोबालु सांगा. कोळशावर भाजलेला अख्खा मासा, वर जाडं मीठ आणि ऑलिव्हचं तेल, बाजूला उकडलेले बटाटे. मसाला शून्य. पहिल्या घासाला आपल्या जिभेला काहीतरी राहिल्यासारखं वाटतं, तिसऱ्या घासाला कळतं की मासा ताजा असला की बाकी काही लागत नाही. पोल्वु आ लागारेइरु म्हणजे ऑक्टोपस, भरपूर तेल-लसणात भाजलेला, मऊ. आणि बाकाल्याव, खारवून सुकवलेला कॉड. गंमत अशी की त्यांचा हा लाडका मासा त्यांच्या समुद्रात मिळतच नाही, नॉर्वे-आइसलंडकडून येतो. दिवसभर किंवा जास्तही पाण्यात ठेवून, पाणी बदलत बदलत खार उतरवतात. पहिल्यांदा खाणाऱ्याने 'आ ब्राश' प्रकार घ्यावा: कॉडचा कीस, कांदा, काड्यांसारखे तळलेले बटाटे, सगळं अंड्यात परतलेलं.

@तिरपागडा, शियादूत कामोंइश चौकाजवळ मान्तेगारिया आहे. ताजा घाणा निघाला की घंटा वाजवतात. घंटा ऐकून आत शिरायचं, गरम नाता, वर दालचिनी. बेलेमचा आणि हा शेजारी शेजारी ठेवून डोळे बांधून ओळखून दाखवा.

तिरपागडा:

दाखवतो. बेलेमच्या नात्याचा पापुद्रा जास्त कुरकुरीत असतो आणि आतलं कमी गोड. आणि रांगेची भीती घालू नका. तिथे बाहेर दिसते ती पार्सलची रांग. आत खोल्यांमागून खोल्या आहेत, बसून खाणाऱ्याला जागा पटकन मिळते. १८३४ मध्ये पोर्तुगालमधले मठ बंद केले, तेव्हा जेरोनिमोसची पाककृती बाहेर आली आणि तीन वर्षांनी दुकान सुरू झालं. मठांत अंड्याचा पांढरा कपड्यांच्या खळीला वापरत आणि उरलेल्या बलकाची मिठाई करत, असं सांगतात. त्यांची निम्मी मिठाई पिवळी का, याचं उत्तर तिथे आहे.

दगडफोड्या:

कार्मूचा विषय निघालाच आहे तर धंद्यातलं थोडं. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा दिवस, सकाळची वेळ, चर्चं भरलेली, मेणबत्त्या लावलेल्या. आधी भूकंप, मग नदीतून लाटा, मग कित्येक दिवस आग. अल्फामा खडकावर असल्याने बरीचशी वाचली, खालचा गाळावरचा बाइशा संपला. पुढे राजाचा मंत्री मार्केस द पोंबालने तो पुन्हा बांधला, सरळ काटकोनी रस्ते, सारख्या उंचीच्या इमारती. खरी करामत भिंतीच्या आत आहे. लाकडी चौकटींचा पिंजरा, त्यात तिरके आडणे, आणि मग चिनाई. त्याला 'गायोला' म्हणतात, म्हणजे पिंजराच. हादरा बसला की लाकूड वाकतं, चिनाई पडली तरी सांगाडा उभा राहतो. नमुना उभारून सैनिकांना भोवती पाय आपटत चालायला लावलं आणि कंपनाची चाचणी घेतली, अशी गोष्ट सांगतात. भूकंपाचा विचार करून अख्खा शहरभाग बांधल्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत हे धरतात.

बघायचं असेल तर रुआ दुश कोरेइरुशवर एका बँकेच्या तळघरात उत्खनन आहे. मार्गदर्शक घेऊन जातो, पैसे लागत नाहीत, रविवारी बंद. बाइशाच्या इमारती ज्यांवर उभ्या आहेत ते पाइनचे खुंट तिथे दिसतात. आणि खादाडांसाठी: त्याच्याही खाली रोमन काळातल्या मासे खारवायच्या टाक्या आहेत. या शहरात खारा मासा दोन हजार वर्षं चाललाय.

चिंगळी:

हे दोन हजार वर्षांचं खारं मासळीप्रेम वाचून आजी आठवली. यादीत टाकलं.

रेवती_क:

धागा अगदी वेळेवर आला. आम्ही जूनमध्ये जातोय, १२ तारखेला पूर्ण दिवस लिस्बनला आणि १३ला दुपारचं विमान. बरोबर सासूबाई, वय ७२, गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी. अंडं चालतं, पण मासे-मटणाच्या कढईतलं नको. यातलं त्यांना काय झेपेल? आणि खातील काय?

पायपीट:

@रेवती, गुडघ्यांसाठी आधी बूट. इथले फुटपाथ काळ्या-पांढऱ्या चुनखडीच्या छोट्या दगडांचे आहेत. दिसतात सुंदर, रोसियुच्या चौकात तर लाटांची नक्षी आहे, बघताना जमीन हलल्यासारखी वाटते. पण शंभर वर्षांत झिजून गुळगुळीत झालेत आणि पावसाचा शिंतोडा पडला की घसरतातच. रबरी तळव्याचे बूट, चपला नकोत.

किल्ल्याकडे चढायला फुकट लिफ्ट आहेत हे फार लोकांना माहीत नसतं. बाइशात रुआ दुश फांकेइरुशवर एका साध्या इमारतीत पहिली लिफ्ट, तिथून वर दोन मिनिटं चाललं की शांव दु लोरेइरु मंडईच्या इमारतीत दुसरी. दोन्ही मिळून बराचसा चढ खाल्ला जातो. ७३७ नंबरची छोटी बस प्रासा दा फिगेइरावरून थेट किल्ल्यापर्यंतही जाते. अल्फामातल्या पायऱ्या मात्र सासूबाईंना नकोत. पोर्ताश दु सोलवरून ट्रामनेच खाली या.

सांता जुस्ताची लोखंडी लिफ्ट (१९०२) खालून बघायची, फोटो काढायचा. वर जायचं तर कार्मूच्या चौकातून पुलावर पोचता येतं. फ्युनिक्युलरच्या, म्हणजे तारेने चढावर ओढल्या जाणाऱ्या डब्यांच्या, भरवशावर बेत करू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यातल्या ग्लोरिया मार्गावरचा डबा सुटून १६ माणसं गेली, त्यानंतर त्या सगळ्या तपासणीसाठी थांबवल्या होत्या. काय चालू आहे ते जायच्या आठवड्यात बघा.

म्हापशेकार:

शाकाहाराचं मी सांगतो, आमची मावशी तिथे आहे, येणंजाणं असतं.

पहिली गोष्ट: 'काल्दु वेर्द' नावाचं हिरव्या पानांचं आणि बटाट्याचं सूप सगळीकडे मिळतं आणि लोक शाकाहारी म्हणून घेतात. त्यात शोरिसुची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची, चकती असते. चकती काढून दिली तरी चव रश्श्यात उतरलेली असते. त्यापेक्षा 'सोपा द लेगुमेश' मागा आणि मांस घातलंय का ते विचारूनच घ्या. 'पेइशिन्युश दा ओर्ता' नावाने घाबरू नका. अर्थ 'बागेतले छोटे मासे', पण आहे फरसबी पिठात बुडवून तळलेली. सासूबाई भजी म्हणून आनंदाने खातील. फक्त तेल वेगळं आहे का विचारा, कारण त्याच कढईत मासे तळतात. बाकी तोश्ता द केइजु म्हणजे भाजलेलं चीज सँडविच, ताजं चीज, ऑलिव्ह, टोमॅटो. नात्याच्या पापुद्र्यात काही ठिकाणी डुकराची चरबी वापरतात, मान्तेगारियात लोणी. तिथलाच द्या.

घरचं जेवण हवं असेल तर लुमियारला राधाकृष्णाचं मंदिर आहे. मोझांबिकहून आलेल्या गुजराती मंडळींनी उभारलेलं, शाकाहारी खानावळ आहे. पण शहराच्या उत्तरेला आहे, एका दिवसात तेवढ्यासाठी जाऊ नका. मार्टिम मोनिझच्या मागच्या रुआ दु बेंफोर्मोझुवर डाळ-भात मिळेल, बहुतेक दुकानं बांगलादेशींची आहेत, सगळं हलाल, शाकाहारी पदार्थ विचारून घ्यावा.

आता गोव्याचं. लिस्बनच्या कुठल्याही साध्या कॅफेत काचेच्या कपाटात काय दिसतं? कॉडचे वडे, रिसोल, आणि शामुसा. म्हणजे समोसा, खिम्याचा. आमच्याकडून आणि मोझांबिककडून तिकडे गेला आणि आता ते लोक बिअरबरोबर आपलाच म्हणून खातात. मोरारियाच्या गल्ल्यांत गोवेकरांच्या खाणावळी आहेत, शागुती, सारपातेल, शेवटी बेबिंका. मावशीच्या मते शागुतीत खोबरं कमी आणि तिखट तर नाहीच. पण तिला कुणाचंच पटत नाही.

तिरपागडा:

म्हापशेकार, तुम्ही तरी बेलेमच्या बाजूने बोला. वास्को द गामाच्या थडग्यासमोर गोव्याच्या माणसाला काहीतरी वाटत असेल ना?

म्हापशेकार:

वाटतं, पण तुम्हाला वाटतं ते नाही. १५२४ला हा मेला कोचीत. तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमधली त्याची कबरेची जागा आजही दाखवतात. अवशेष १५३९ मध्ये पोर्तुगालला नेले आणि जेरोनिमोसमध्ये आणले १८८० साली, कामोंइश कवीच्या बरोबरच. म्हणजे ज्या संगमरवरी थडग्यापुढे लोक टोप्या काढतात ते एकोणिसाव्या शतकातलं आहे, राष्ट्राभिमान जागवायला केलेलं. कामोंइशची जुनी कबर तर भूकंपात गेलेल्या चर्चमध्ये होती, त्यामुळे आतले अवशेष त्याचेच का, यावर तिकडेही शंका घेतात. हा कामोंइश गोव्यात राहून गेलेला, तो मला जवळचा.

मठ मात्र बघण्यासारखा आहे, यात वाद नाही. दगडात दोरखंड, गाठी, समुद्री झाडं कोरलीत. बांधकाम १५०१च्या सुमाराला सुरू झालं आणि खर्च आफ्रिका-पूर्वेच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. मिरीच्या पैशावर उभा आहे तो. खाली चर्चमध्ये जायला तिकीट नाही, थडगी तिथेच आहेत. तिकीट आतल्या चौकाचं आणि रांगही त्याचीच. सोमवारी बंद. ज्यांना जायचंच आहे त्यांनी ट्राम सोडून काइश दु सोद्रेवरून लोकल घ्यावी, सात-आठ मिनिटांत बेलेम.

भास्करनाना:

त्याच लोकलविषयी लिहायला आलो. वाचत होतो शांतपणे, पण अल्जूबचा उल्लेख आल्यावर राहवलं नाही.

काइश दु सोद्रेवरून निघालेली ती कास्काइशची गाडी बेलेमच्या पुढे आल्जेश, क्रुश केब्राडा आणि मग काशियास या स्टेशनांवर थांबते. काशियासच्या किल्ल्यातल्या तुरुंगात आपले मोहन रानडे होते. मूळचे सांगलीचे, गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे. १९५५ मध्ये गोव्यातल्या बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळ्या लागून पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे पोर्तुगालला नेलं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी हा माणूस तिकडेच, त्यातली कित्येक वर्षं एकांतवासात. सुटका जानेवारी १९६९ मध्ये. त्यासाठी सुधीर फडक्यांनी इकडे केलेली धडपड आमच्या पिढीला आठवते. २०१९ मध्ये पुण्यात वारले. गोव्याचे कवी आणि स्वातंत्र्यसैनिक तेलो मास्कारेन्यसही काशियासमध्येच होते.

तो तुरुंग अजून तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. त्यासाठी कुणी उतरावं असं मी म्हणत नाही. पण पर्यटकांनी भरलेली ती गाडी समुद्र बघत कास्काइशला जाते तेव्हा मराठी माणसाला ते स्टेशन कळावं, एवढंच.

पायपीट:

नाना, हे मला माहीत नव्हतं. अल्जूबमध्ये काशियासचा उल्लेख पदोपदी येतो, इथून तिथे हलवलेल्या कैद्यांच्या याद्याच आहेत, पण रानड्यांशी मी जोडलंच नाही. धाग्याचं सोनं झालं.

दगडफोड्या:

आणि कार्मूच्या चौकाचा या सगळ्याशी थेट संबंध आहे. २५ एप्रिल १९७४ला त्या चौकातल्या शिपायांच्या बराकीत सालाझारनंतरचा पंतप्रधान कायतानु लपला होता. राजवटीविरुद्ध उठलेल्या सैन्यातल्या कॅप्टन साल्गेइरु मायाने चिलखती गाड्या आणून वेढा घातला, संध्याकाळपर्यंत शरणागती. लोकांनी बंदुकांच्या नळीत कार्नेशनची फुलं खोचली ती हीच क्रांती. पुढच्या एक-दोन दिवसांत काशियासचे राजकैदी सुटले. आणि गोवा भारताचा भाग आहे हे पोर्तुगालने मान्य केलं तेही त्याच वर्षाच्या अखेरीस. त्या लाल पुलाचं नावही तेव्हाच बदललं. १९६६ला उघडला तेव्हा सालाझार पूल होता. चौकात आता झाडांखाली खुर्च्या टाकून लोक बिअर पितात.

तिरपागडा:

ठीक आहे, कार्मू आणि अल्जूब मान्य. पण अल्फामाचं जरा कौतुक कमी करा. तिथले मूळ रहिवासी भाडी परवडत नाहीत म्हणून निघून गेले, घरांच्या दारांवर पाहुण्यांसाठी चाव्या ठेवायच्या, आकड्यांच्या कुलपाच्या पेट्या लटकल्यात. दोऱ्यांवर वाळत घातलेल्या चादरी बघून 'किती जिवंत वस्ती' म्हणू नका, त्यातल्या निम्म्या पाहुण्यांच्या खोल्यांच्या असतील.

पायपीट:

हे खरं आहे. सकाळी नऊच्या आधी गेलं तर अजून म्हाताऱ्या बाया दारात गप्पा मारताना, पाव घेऊन येताना दिसतात. अकरानंतर बॅगांच्या चाकांचे आवाज. तुमच्या या मुद्द्यासाठीच तर मी अल्फामा सकाळी ठेवलंय.

चिंगळी:

रात्रीचं कुणीच लिहिलं नाही. फादू, ते तिथलं दर्दभरं गाणं, ऐकायचं का? आणि ती चेरीची दारू?

म्हापशेकार:

फादू ऐकायचा, पण जेवणासकट पॅकेज घेतलं तर खिसा रिकामा होतो आणि जेवण यथातथाच. उशिरा जा, दहानंतर, नुसती वाइन घेऊन बसता येतं का विचारा. 'फादू वादियु' लिहिलं असेल तर हौशी लोक गातात, वेटर अचानक ट्रे ठेवून उभा राहतो. गाणं चालू असताना बोलायचं नाही, काटा-चमचाही वाजवायचा नाही, लोक वळून बघतात.

चेरीची दारू म्हणजे जिंजिन्या, ती रोसियुच्या बाजूला सांव दोमिंगुश चौकात. १८४० पासूनचं बोळकांडीएवढं दुकान, बसायला जागा नाही. 'कों एलश' म्हटलं की पेल्यात आंबट चेरी घालून देतात, बी रस्त्याकडेच्या डब्यात टाका. पेला संपला की समोरच्या चर्चमध्ये पाच मिनिटं जाऊन या. १९५९च्या आगीत आतून जळालं, खांब तडकलेले, दगडाचे कोपरे उडालेले तसेच ठेवलेत. बाहेर चौकात १५०६ मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे, आणि जवळच, आज जिथे राष्ट्रीय नाट्यगृह आहे तिथे, इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता. गोव्यात १५६०ला आलं ते इथूनच.

रेवती_क:

सगळ्यांचे आभार. बेत असा ठरतोय: सकाळी लवकर ट्राम, ग्रासा, पोर्ताश दु सोल, मग अल्जूब मी आणि नवरा, तोवर सासूबाई सेमध्ये बसतील. दुपारी फरसबीची भजी. संध्याकाळी कार्मू, नाता. बेलेम रद्द, तिरपागडा रागावू नका. रात्री अल्फामात फादू.

म्हापशेकार:

रेवतीताई, १२ जूनची रात्र म्हणालात ना? मग फादू विसरा. ती सांतु अंतोनियुची रात्र. अख्खं अल्फामा, ग्रासा, मोरारिया रस्त्यावर येतं, गल्लोगल्ली शेगड्या पेटवून सार्डिन भाजतात आणि पावाच्या तुकड्यावर ठेवून देतात. आव्हेनिदा दा लिबर्दादवर वस्त्यावस्त्यांच्या मिरवणुका निघतात. दुकानांत मांजेरिकूच्या छोट्या कुंड्या मिळतात, तुळशीच्या जातीतलं बारीक पानांचं झुडूप, त्यात कागदी फूल आणि चार ओळींची प्रेमाची कविता. नाकाने थेट हुंगायचं नाही, हात फिरवून हाताचा वास घ्यायचा, अशी रीत.

पण सासूबाईंना त्या गर्दीत आणि माशांच्या धुरात नेऊ नका. रस्ते बंद होतात, ट्राम मधूनच फिरवतात, टॅक्सी मिळत नाही. त्यांना आव्हेनिदावर मिरवणूक दाखवा, तिथे रस्ता सपाट आणि रुंद आहे. हॉटेल त्याच बाजूला घ्या, मेट्रोच्या जवळ.

चिंगळी:

आणि तुम्ही दोघं त्यांना खोलीवर सोडून सार्डिन खायला परत या. पावाचा तुकडा टाकू नका, सगळं तेल त्यातच उतरलेलं असतं.

रेवती_क:

हॉटेल बदललं. १३ तारखेला सुट्टी असते का तिथे? विमानतळाची मेट्रो चालू असेल ना?

म्हापशेकार:

लिस्बन शहरापुरती सुट्टी असते. मेट्रो चालू असते, लाल मार्गिका थेट विमानतळावर. दुकानं उशिरा उघडतात, तेव्हा बरोबर न्यायचे नाते १२लाच घेऊन ठेवा.